नाऊरू : खणून झालेल्या जमिनीवरचं स्वातंत्र्य

पॅसिफिक महासागरातल्या नव्या राष्ट्रांवरच्या या मालेत आज नाऊरू. एरवी आपण नकाशापासून सुरुवात करतो. आज राज्यघटनेपासून करू, कारण या देशाच्या घटनेत एक असं कलम आहे की तसं दुसऱ्या कुठल्या घटनेत आमच्या तरी पाहण्यात नाही.

नाऊरू स्वतंत्र झालं ३१ जानेवारी १९६८ रोजी. घटनेचं ८३ वं कलम फॉस्फेटबद्दल आहे. फॉस्फेट काढण्याचा हक्क प्रजासत्ताकाचा, एवढं सांगून ते थांबत नाही. १ जुलै १९६७ पूर्वी ज्या जमिनीतून फॉस्फेट खणलं गेलं, ती जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी या घटनेमुळे नाऊरूच्या सरकारवर येत नाही, असंही ते स्पष्ट म्हणतं. आता बघा, घटना म्हणजे देशानं आपण कोण आहोत, काय करणार आहोत ते लिहून ठेवायची जागा. तिथे हे लोक लिहितात की अमुक तारखेआधीचा खड्डा आमच्या खात्यावर घालू नका. वाटण्या होताना थोरल्या घरातल्या शहाण्या माणसानं जुन्या कर्जाबद्दल कागदावर एक ओळ घालून घ्यावी, तसं हे आहे. ती ओळ घालायची वेळ का आली, आणि पुढे तिचं काय झालं, एवढंच आज बघायचं आहे.

आता नकाशा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम साठ किलोमीटरवर हे बेट. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. किनाऱ्यानं फिरणारा रस्ता साधारण १९ किलोमीटरांचा, म्हणजे दमदार माणूस सकाळी निघाला तर जेवणाच्या आत देशाला प्रदक्षिणा घालून येईल. सर्वांत जवळचं शेजारी बेट बनाबा, तेही पूर्वेला ३०० किलोमीटरवर. किनाऱ्यालगत सुपीक जमिनीचा एक अरुंद पट्टा, शे-दोनशे मीटर रुंदीचा, त्यात नारळ आणि केवड्याच्या जातीचं पँडानस. माणसं राहतात ती या पट्ट्यात, आणि आतल्या बुआडा नावाच्या तळ्याभोवती. समुद्रातली माशांची पिल्लं आणून या तळ्यात वाढवायची रीत फार जुनी होती. आणि मधला सगळा उंचवटा, बेटाचा चार-पंचमांश भाग, तो फॉस्फेटचा. तिथे त्याला नुसतं टॉपसाइड म्हणतात.

इथे बारा कुळं. झेंड्यावर निळ्या रंगावर सोनेरी रेघ आहे ती विषुववृत्ताची, आणि तिच्याखाली पांढरा बारा टोकांचा तारा आहे तो या बारा कुळांचा. म्हणजे झेंडा हाच नकाशा. जमीन खाजगी मालकीची आणि वारसाहक्कानं तुकडे होत गेलेली. एकेका तुकड्यावर मालकांची ही लांबलचक यादी. आपल्याकडचा सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

युरोपियनांशी पहिला संबंध १७९८ चा. कॅप्टन जॉन फर्न नावाचा इंग्रज जहाजातून जाता जाता बेट बघून गेला आणि 'प्लेझंट आयलंड' असं नाव ठेवून गेला. नंतर देवमासे मारणाऱ्यांची जहाजं आली, त्यांच्यातून पळालेले खलाशी आले, दारू आली, बंदुका आल्या. १८७८ पासून दहा वर्षं कुळाकुळांत लढाई चालली आणि मुळातच थोडी असलेली वस्ती आणखी घटली. १८८८ मध्ये जर्मनीनं बेट ताब्यात घेऊन बंदुका गोळा केल्या. जर्मनांना इथे खोबऱ्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

फॉस्फेटचा शोध कसा लागला ती गोष्ट प्रसिद्ध आहे, तरी सांगायला हवी. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या सिडनीतल्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. नाऊरूहून कुणीतरी आणलेला, लाकूड दगड झालंय असा समज. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली, त्यानं तो तपासून पाहिला. निघालं उंची प्रतीचं फॉस्फेट. पुढच्याच वर्षी हा एलिस बनाबावर गेला आणि वर्षाला ५० पौंडांत ९९९ वर्षांचा करार करून आला. ९९९ वर्षं! समोरच्यांना त्या कागदाचा अर्थ किती कळला असेल याची कल्पना आपण करू शकतो. नाऊरूवर जर्मनांशी बोलणी करावी लागली, आणि १९०७ मध्ये तिथून पहिली बोट भरून गेली. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी.

या दगडाला एवढी किंमत कशासाठी? फॉस्फेटचा दगड दळून त्यावर गंधकाम्ल घातलं की सुपरफॉस्फेट होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते गोणीवरच्या नावानं नीट ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाच्या जमिनीत मुळातच स्फुरद कमी. तिथला गहू, न्यूझीलंडची कुरणं, त्यांवरची मेंढरं आणि गाई, तिथून इंग्लंडला जाणारं लोणी, या सगळ्याच्या मुळाशी स्वस्त सुपरफॉस्फेट होतं. म्हणजे नाऊरूची जमीन बोटीत बसून दुसऱ्या देशांच्या शेतात जाऊन पडली. आम्ही हे अलंकारिक बोलत नाही. टनावर मोजून, वर्षानुवर्षं, अक्षरशः तेच घडलं.

पहिलं महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियानं बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी आपसात करार केला. पॅसिफिक फॉस्फेट कंपनी ३५ लाख पौंडांना विकत घेतली आणि 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नावाचं मंडळ नेमलं. मालाची वाटणी ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. आणि या तिघांच्या शेतीसाठी लागेल तेवढा माल त्यांना खर्चाच्या भावानं द्यायचा, बाजारभावानं नव्हे.

आता यातली मेख लक्षात घ्या. नफाच दाखवायचा नाही, म्हणजे नफ्यात वाटा मागायचा प्रश्नच येत नाही. फायदा जो होतो तो मेलबर्नच्या हिशेबवहीत दिसत नाही, तो गव्हाच्या शेतात दिसतो. नाऊरूच्या माणसानं हिशेब मागितला तर वही उघडून दाखवता येते, की बाबा, बघ, आम्ही काही कमावत नाही. लुटीचे पुष्कळ प्रकार इतिहासात वाचायला मिळतात, पण इतका सभ्य प्रकार विरळा.

आणि हे राष्ट्रसंघाच्या नजरेखाली चाललेलं होतं. नाऊरू हे विश्वस्त म्हणून सांभाळायला दिलेलं होतं. सुधारलेल्या राष्ट्रांवरची पवित्र जबाबदारी वगैरे भाषा त्या कागदांत आहे. कारभार ऑस्ट्रेलियाकडे. रॉयल्टी अधूनमधून पेनीपेनीनं वाढत गेली. जमीनमालकाला 'मी देत नाही' म्हणायची प्रत्यक्षात सोय नव्हती.

मध्ये १९२० ची इन्फ्लूएन्झाची साथ आली आणि माणसं पटापट गेली. जमात म्हणून टिकायचं तर निदान १५०० माणसं हवीत, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एक मुलगी जन्मली आणि आकडा १५०० झाला. त्या दिवसाला अंगाम म्हणतात. जल्लोष, घरी पोचणं, अशा अर्थाचा शब्द. आजही तो सण आहे. लोकसंख्या वाढली म्हणून सण साजरा करणारा देश! आपल्याला गंमत वाटते, पण पुढचं ऐकल्यावर ती वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४२ मध्ये जपाननं बेट घेतलं. धावपट्टी बांधायला मजूर आणले, सैनिक आणले, खायची तोंडं वाढली, अन्न संपत आलं. तेव्हा १९४३ मध्ये जपान्यांनी साधारण १२०० नाऊरूवासीयांना उचलून सोळाशे किलोमीटरवरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. (या ट्रुकचं आजचं नाव चूक. मराठी कानाला ते कसंसंच लागतं, तिकडे त्याचा अर्थ डोंगर.) बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. तिथल्या ३९ जणांना होडीत बसवून समुद्रात नेलं आणि बुडवून मारलं. ट्रुकवर भूक, आजार, बॉम्ब. फॉस्फेट कमिशनर्सची 'ट्रिएन्झा' ही बोट जिवंत राहिलेल्यांना घेऊन परतली, तेव्हा तिच्यावर ७३७ जण होते. तारीख होती ३१ जानेवारी १९४६.

ही तारीख आपण सुरुवातीलाच ऐकली. बावीस वर्षांनी स्वातंत्र्यासाठी त्यांनी मुद्दाम तोच दिवस मागून घेतला. त्या ट्रुकहून परतलेल्यांत हॅमर डीरॉबर्ट नावाचा विशीतला शिक्षक होता. तो पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

युद्धानंतर राष्ट्रसंघ गेला, संयुक्त राष्ट्रं आली. १९४७ मध्ये नाऊरू पुन्हा तिघांच्या विश्वस्तपदाखाली, कारभारी पुन्हा ऑस्ट्रेलिया, यारीच्या हातांखाली पुन्हा बोटी. फरक एवढाच की आता दरवर्षी न्यूयॉर्कमध्ये विश्वस्त मंडळापुढे जाब द्यावा लागे, आणि सनदेत स्वराज्य किंवा स्वातंत्र्याकडे नेण्याचं कलम होतं. १९५१ मध्ये स्थानिक शासन परिषद आली. १९५० च्या दशकात डीरॉबर्ट तिचे प्रमुख झाले.

इथून पुढचा भाग आम्हांला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दशकात एक साधा हिशेब सगळ्यांना दिसू लागला होता. खणायचा वेग असाच राहिला तर काही दशकांत फॉस्फेट संपेल. फॉस्फेट निघून गेलं की मागे उरतात प्रवाळी चुनखडीचे सुळके, एकाला एक लागून, पांढरे-करडे, माणसापेक्षा कितीतरी उंच. मधली माती हीच तर नेलेली. तिथे घर बांधता येत नाही, शेती करता येत नाही, नीट चालताही येत नाही. मग या लोकांनी जायचं कुठे?

ऑस्ट्रेलियाचं उत्तर होतं: दुसरीकडे. बऱ्याच जागांचा विचार झाला आणि १९६३ च्या सुमारास क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, ग्लॅडस्टन गावाजवळचं कर्टिस बेट पुढे आलं. नाऊरूपेक्षा कितीतरी मोठं. घरं बांधून देऊ, नोकऱ्या देऊ, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व देऊ, स्थानिक कारभारासाठी परिषद देऊ. वरवर पाहिलं तर उदार प्रस्ताव. जगात किती निर्वासितांना असा प्रस्ताव मिळाला असता?

नाऊरूवासीयांनी विचारलं, तिथे आमचं राज्य असेल का? म्हणजे ऑस्ट्रेलियाशी मैत्रीचा तह करून, पण आमचा देश म्हणून? ऑस्ट्रेलिया म्हणालं, नाही. तुम्ही ऑस्ट्रेलियन व्हाल.

हे कोणत्या काळात, तेही ध्यानात घ्या. गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया हे धोरण तेव्हा जिवंत होतं. त्या देशाच्या मूळ रहिवाशांना जनगणनेत धरायचं की नाही, याचं सार्वमत व्हायला १९६७ उजाडावं लागलं. तीन हजारांहून कमी माणसं त्या समाजात जाऊन मिसळली असती तर दोन पिढ्यांत नाऊरू हे नाव वंशावळीच्या वहीतच सापडलं असतं. अंगाम साजरा करणाऱ्या, आपली डोकी मोजून जगलेल्या लोकांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९६४ मध्ये त्यांनी कर्टिसला नकार दिला.

या नकाराला पुष्कळांनी तेव्हा आणि नंतर अव्यवहारी म्हटलं. आम्हांला तसं वाटत नाही. बेटाचा मोठा भाग खणून गेलाय, उरलेलाही जाणार आहे, हे माहीत असूनही ते म्हणाले की आम्ही इथेच राहू. पण एकदा इथेच राहायचं ठरलं की मागणी बदलते. आता ते नुकसानभरपाई मागत नव्हते, तर जमीन परत राहण्याजोगी करून मागत होते. तुम्ही नेलीत, तुम्हीच भरून द्या. डिसेंबर १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव करून हेच उचलून धरलं: ३१ जानेवारी १९६८ च्या आत स्वातंत्र्य, आणि बेट पुन्हा वस्तीलायक करण्यासाठी तातडीची पावलं.

१९६७ च्या वाटाघाटींत दोन गोष्टी नाऊरूनं जिंकल्या. एक म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार आपल्याकडे ठेवावेत अशी ऑस्ट्रेलियाची इच्छा होती, ती डीरॉबर्टनी मान्य केली नाही. दुसरी म्हणजे फॉस्फेटचा धंदा. तीन वर्षांच्या हप्त्यांत २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन कमिशनर्सची सगळी यंत्रसामग्री नाऊरूनं विकत घ्यायची असं ठरलं, आणि १ जुलै १९७० ला ती नाऊरू फॉस्फेट कॉर्पोरेशनच्या ताब्यात आली. आपली जमीन ज्या यंत्रांनी खणली ती यंत्रं मालकानंच पैसे मोजून विकत घेतली, असाही याचा अर्थ होतो.

तिसरी गोष्ट मात्र सुटली नाही. खणलेली जमीन भरून द्या, यावर तिन्ही सरकारांचं म्हणणं, की फॉस्फेटचा जो चांगला भाव आता तुम्हांला मिळणार आहे त्यातच ते धरलंय. नाऊरूनं हे मान्य केलं नाही, पण त्यासाठी स्वातंत्र्यही अडवून ठेवलं नाही. राज्यघटना करताना मदतीला होते जे. डब्ल्यू. डेव्हिडसन, पॅसिफिकच्या इतिहासाचे कॅनबेरातले प्राध्यापक. सामोआच्या घटनेच्या वेळीही ते होते. घटनेत ते ८३ वं कलम आलं. आणि स्वातंत्र्याच्या दिवशी, झेंडा चढवल्यावर, डीरॉबर्ट वार्ताहरांना सांगून गेले की बेटाचा एक-तृतीयांश भाग दुरुस्त करून देणं ही ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची जबाबदारी आहे आणि आम्ही ती विसरलेलो नाही. सोहळ्याच्या दिवशी उधारीची आठवण करून देणारा पाहुण्यांना आवडत नाही. पण बरं झालं ते बोलले. ते वाक्य पुढे हेगच्या न्यायालयात पुरावा म्हणून कामी आलं.

तर असं हे नवं राष्ट्र. वस्ती सुमारे ६०००, त्यात मूळ नाऊरूवासी निम्म्याहून थोडे कमी. बाकीचे गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरचे मजूर, हाँगकाँगमार्गे आलेले चिनी, काही युरोपियन. १८ जणांची संसद, तीच राष्ट्राध्यक्ष निवडणार. सैन्य नाही, अधिकृत राजधानी नाही. जगातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक. संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व त्यांनी तेव्हा घेतलंच नाही, ते १९९९ मध्ये घेतलं.

पुढची वीस वर्षं पैशाची. त्याबद्दल वर्तमानपत्रांत इतकं चवीनं लिहिलं गेलंय की आम्ही थोडक्यात आटोपतो. माल आता बाजारभावानं विकला जाऊ लागला. आयकर नाही, दवाखाना आणि शिक्षण फुकट, स्वतःची विमान कंपनी. १९७७ मध्ये मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवर ५२ मजल्यांचं नाऊरू हाउस उभं राहिलं. दरडोई उत्पन्नात देश जगात वरच्या काही देशांत मोजला जाई. मग चुकीच्या गुंतवणुकी, उधळपट्टी, सल्लागारांचे सल्ले. लिओनार्दो दा विंचीवरच्या एका लंडनच्या संगीत नाटकात १९९३ मध्ये पैसे घातले ते बुडाले, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. २००४ मध्ये नाऊरू हाउस विकावं लागलं. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्यांना ठेवण्याच्या छावण्या बेटावर आल्या, कारण दुसरं उत्पन्न उरलं नव्हतं.

या उधळपट्टीचा दोष नाऊरूच्या राज्यकर्त्यांचाच, त्यात सारवासारव नको. खणणंही त्यांनी थांबवलं नाही. स्वतंत्र सरकारनं उरलेली जमीन स्वतःच खणली. पण याच्या आधारे जेव्हा कुणी म्हणतं की बघा, स्वातंत्र्य दिलं आणि त्यांनी माती केली, तेव्हा आम्ही ८३ व्या कलमातल्या त्या तारखेकडे बोट दाखवतो. माती नंतर झाली असेल, खड्डा आधीचा होता.

आणि त्या तारखेआधीच्या खड्ड्याचा दावा नाऊरूनं सोडला नव्हता. १९८६ मध्ये सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री. आयोगानं जबाबदारी तिन्ही सरकारांची ठरवली. मे १९८९ मध्ये नाऊरूनं ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ऑस्ट्रेलियाचे आक्षेप दोन प्रमुख होते. एक, तुम्ही हा हक्क १९६७ मध्येच सोडून दिलात. दुसरा, कारभार तिघांचा होता, मग एकट्या आमच्यावर खटला कसा? जून १९९२ मध्ये न्यायालयानं दोन्ही फेटाळले आणि खटला पुढे चालवायचं ठरवलं. हक्क सोडल्याचा कागद कुठेच नव्हता; न सोडल्याचं बोलणं मात्र होतं.

निकाल मात्र लागला नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये तडजोड झाली. ऑस्ट्रेलियानं १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचे, त्यातले ५ कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं आपला वाटा म्हणून ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी १ कोटी २० लाख दिले. आपल्यावर जबाबदारी नव्हतीच, ही ऑस्ट्रेलियाची भूमिका त्या करारातही शाबूत राहिली. टॉपसाइडवरचे सुळके बव्हंशी आजही तसेच उभे आहेत. पावसाचं पाणी त्यांच्यामधून सरळ खाली जातं आणि उन्हाळ्यात तो पांढरा दगड तापून वर नुसती झळ उठते.

अल्बर्ट एलिसनं ५० पौंडांत केलेला तो ९९९ वर्षांचा करार आपण मध्येच सोडून दिलाय. पुढच्या वेळी बनाबा. नाऊरूनं जे नाकारलं ते तिथल्या लोकांच्या वाट्याला आलं: त्यांना उचलून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. ते आपण सविस्तर बघू.